जांबोटीच्या शेतातनं जळण आणलं, कापायची-फोडायची मशीन भाड्यानं घेतली त्याचा अनुभव

आमच्याकडं बेळगावच्या वडगावात मांड्यांच्या ऑर्डरी असतात, लग्नसराईत जास्त, एरवी डोहाळजेवण, बारसं असं थोडं थोडं चालूच असतं. आणि मांडा काय गॅसवर होत नाही, निदान आमच्या सासूबाई तरी करू देत नाहीत. पालथ्या खापराखाली जाळ सगळीकडनं सारखा लागायला पाहिजे, एका बाजूला जास्त झाला की तेवढाच भाग करपतो आणि लाकूड ओलं असलं की धुराचा वास थेट मांड्याला, तो गिऱ्हाईकाला पहिल्या घासातच कळतो. त्यामुळं आमच्या घरात जळण म्हणजे पिठीसाखरेइतकाच महत्त्वाचा माल. हे आधी सांगितलं कारण खाली मी ज्या गोष्टींवर जोर देणार आहे, म्हणजे वाळलेलं असणं आणि एका मापाचं असणं, त्या बंब पेटवणाऱ्याला कदाचित एवढ्या लागणार नाहीत.

गेल्या वर्षी एका माणसाकडनं टनावर जळण घेतलं, नाव घेत नाही. माल घरात येऊन पडला तेव्हा छान दिसत होता, नुसती निलगिरी, पण सगळी ताजी तोडलेली आणि लांबी कुठं दोन फूट तर कुठं तीन फूट, शिवाय मनगटाएवढ्या जाडीचं सोडलं तर एकही ओंडका फोडलेला नाही. महिनाभर चुलीपुढं डोळे पुसत बसलो आम्ही दोघी. परत माणूस लावून कुऱ्हाडीनं फोडून घेतलं त्याचे पैसे वेगळे, आणि निलगिरी वाळायला लागली की फोडायला दगड होते हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. तिचे रेषे पिळाचे असतात, कुऱ्हाड अडकून बसते.

तर यंदा ठरवलं की माहेरच्या शेतातली निलगिरी आपणच काढायची. शेत जांबोटीच्या थोडं पुढं, बेळगावहून पिरनवाडीला वळून किणये मार्गे गेलं की तीसेक किलोमीटर. बांधाकडंला दादानं लावलेली अकरा झाडं होती. कर्नाटकात 1976 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, त्यात निलगिरी, सुरू, सुबाभूळ, सिल्व्हर ओक असल्या झाडांना तोडायची परवानगी लागत नाही, बाकी झाडांना लागते. तरी दादा खानापूरला वनखात्याच्या रेंज ऑफिसात जाऊन वाहतुकीचंही विचारून आला आणि उताऱ्याची म्हणजे आरटीसीची झेरॉक्स गाडीत ठेवली. तुम्ही पण हे आधी करा, गाडी भरून उभी राहिल्यावर नको.

आता मशीनवाल्यांबद्दल. त्याच पट्ट्यातले एक मामा आहेत, त्यांच्याकडं पेट्रोलची चेनसॉ म्हणजे साखळीची करवत आहे आणि दोन चाकांवरची फोडायची हायड्रॉलिक मशीन आहे, सात एचपीचं इंजिन. ते आणि एक पोरगा दोघं येतात, दिवसाला 3,500 घेतले, पेट्रोल आपलं. त्यांना न विचारता नाव-नंबर टाकत नाही. आम्ही दोन दिवस घेतले, जानेवारीत, भात निघून वाफे वाळले होते म्हणून मशीन ट्रॅक्टरला जोडून थेट झाडापर्यंत नेता आली. फोडायची मशीन जड आहे, बांधावरनं उचलून वगैरे जात नाही, म्हणजे तुमच्या शेतात ट्रॅक्टर जात असेल तरच ती मागवा.

मामांचं कापायचं काम बघून मी खरंच खूश झाले. पहिल्यांदा त्यांनी बांबूची दीड फुटाची काठी तोडली आणि पोराच्या हातात खडू दिला, पोरगा काठी ठेवत पुढं खुणा करत जायचा आणि मामा मागनं कापत यायचे, एकदाही थांबून माप बघणं नाही. झाड जमिनीवर लोळत ठेवून कापत नाहीत, खाली दोन जाड फांद्यांचे टेकू देतात, कारण चेनला माती लागली की एका फटक्यात धार जाते. पेट्रोल भरायला थांबले की प्रत्येक वेळी गोल कानसीनं चेनच्या दातांना दोन-तीन हात मारणार. मी विचारलं एवढं कशाला तर म्हणाले, "अक्का, भुसा बघा की. असा जाड जाड चुरा पडतोय तंवर धार हाय. पिठागत बारीक पडाय लागला की मशीन कापत न्हाई, नुसती घासालीय." मी खाली वाकून चुरा हातात घेऊन बघितला, खरंच किसलेल्या खोबऱ्यासारखा लांब लांब होता, आणि तो निलगिरीचा उग्र वास दोन दिवस हाताला होता. पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल मापानं घालतात, अंदाजानं ओतत नाहीत, चेनचं ऑइल वेगळं.

एकदा मशीन अडकली. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मधे खाली आधार नाही, अशा वेळी वरनं कापत गेलं की लाकूड खाली बसतं आणि वरची चीर मिटते. मामांनी जोर केला नाही, इंजिन बंद केलं, चिरेत लाकडी पाचर ठोकली, मशीन काढली. त्यापुढं तसा ओंडका आला की वरनं थोडंच कापायचे आणि उरलेलं खालनं. माझ्या दृष्टीनं माणूस शिकलेला आहे की नाही ते अशा वेळी कळतं.

फोडायची मशीन हा मात्र या सगळ्यातला सोन्यासारखा भाग. ओंडका आडवा ठेवायचा, लीव्हर दाबली की ठोकळा सावकाश पुढं येतो आणि ओंडक्याला पात्यावर ढकलतो, आधी चरचर असा आवाज, मग फाट्कन दोन भाग. सावकाश म्हणजे एका फेरीला पंधरा-वीस सेकंद, पण जो ओंडका फोडायला कुऱ्हाडीवाला दहा घाव घालून घाम पुसत बसायचा तो मिनिटभरात चार फोडी होऊन बाजूला. आणि ताजी निलगिरी असल्यामुळं पिळाचे रेषे सुद्धा सुटत होते, म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की तोडलं त्याच आठवड्यात फोडा. दोन फुटाच्या वरचा ओंडका मशीनमध्ये बसत नाही हे लक्षात ठेवा. गाठीचे आणि जिथं दोन फांद्या फुटल्यात ते ओंडके या मशीनलाही जात नाहीत, इंजिन दबतं आणि पातं नुसतं रुतून बसतं. असे पंधरा-वीस निघाले, मामा म्हणाले त्याच्या मागं लागून पेट्रोल जाळू नका, ते बाजूला ठेवले.

दोन गोष्टी मला आवडल्या नाहीत. सांगितलेल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशिरा आले, फोन उचलत नव्हते, आणि इकडं दादानं मजुरीला दोन माणसं सांगून ठेवलेली ती फुकट गेली. दुसरं म्हणजे पोरगा चपलेवर आला, डोळ्याला काही नाही. फोडताना ढलपी कशी उडते ते मी बघितलंय, दादाचे बूट आणि गॉगल घातल्याशिवाय मी काम सुरूच करू दिलं नाही. मामांनी ऐकून घेतलं, वाईट वाटून घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी स्वतः पण बूट घालून आले. आणि फोडायच्या मशीनवर एक नियम त्यांनीच सांगितला तो पाळा, लीव्हर ज्याच्या हातात त्यानंच ओंडका ठेवायचा. एकजण ठेवतोय आणि दुसरा दाबतोय असं केलं की कधीतरी बोटं जातात.

आता आणायचं. इथं बहुतेक लोक चुकतात असं मला वाटतं, मीही गेल्या वर्षी चुकले. फोडलं की लगेच गाडी बोलवायची घाई असते. आम्ही फोडलेलं सगळं शेतातच रचून ठेवलं, खाली जुने सिमेंटचे खांब टाकून जमिनीपासनं वीतभर वर, रचाई वाऱ्याच्या तोंडाला, आणि वळीवाची भीती म्हणून फक्त वरच्या अंगाला जुने पत्रे. बाजूनं काही झाकायचं नाही, वारा पाहिजे. भोवतीचा पाचोळा दादानं आठवड्याला झाडून काढला, उन्हाळ्यात तिकडं कुठंही आग लागते. रचाई मोजली तर सव्वाचार ब्रास भरली, ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि हे नीट रचून मोजलेलं, टाकलेल्या ढिगाचं नव्हे. ढीग मोजून ब्रास म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, त्यात निम्मी हवाच असते.

किती वाळलं ते बघायला मी एका फोडीवर खडूनं फुली मारून ती घरी आणली होती, खवा मोजायच्या काट्यावर ठेवली तर 2 किलो 140 ग्रॅम. परत नेऊन रचाईत घातली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तीच फोड काढून आणली, 1 किलो 310 ग्रॅम. म्हणजे एका फोडीत पाऊण किलोच्या वर पाणी होतं! टनावर ओलं जळण घेतलं आणि गाडी करून आणलं की आपण कशाचे पैसे देतो ते त्या काट्यावर मला दिसलं, सासूबाईंना पण बोलवून दाखवलं. फोडलेलं होतं म्हणून चार महिन्यात एवढं वाळलं, साल अंगावर असलेला अख्खा ओंडका वर्ष झालं तरी आतनं ओला असतो.

गाडी बोलेरो पिकअप केली, 1.7 टनाची. हौदा साधारण नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद, त्यात दीड फुटाच्या फोडी उभ्या लांबीनं बरोबर सहा रांगा बसतात, दोन फूट उंच रचलं की एक ब्रास. दीड फुटाचं माप मी चुलीसाठी म्हणून सांगितलं होतं पण गाडीलाही तेच बरोबर बसलं. पहिली गाडी वजनकाट्यावर घेतली, जळण 1,290 किलो भरलं. माझ्या फोडीच्या हिशेबानं हेच ओलं आणलं असतं तर दोन टनांच्या वर गेलं असतं, म्हणजे गाडी अर्धी-पाऊण भरून फेऱ्या वाढवा नाहीतर ओव्हरलोड करून त्या रस्त्याला जीव टांगणीला लावा. चार फेऱ्यात झालं, शेवटचं थोडं दादाच्या ट्रॅक्टरनं आलं. ड्रायव्हर बैलहोंगलकडचा होता, त्यानं एक फोड दुसरीवर आपटून बघितली, टणटण वाजली तसा म्हणाला, "अक्का, कट्टिगे छलो आहे हां, आमच्याकडं असलं मिळत नाही." कट्टिगे म्हणजे जळण, छलो म्हणजे चांगलं.

शेतातनं रस्त्यापर्यंतचे तीनशे मीटर मात्र सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेले. पिकअप वाफ्यात उतरवली नाही, रुतली असती, म्हणून मिनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरा, रस्त्यावर आणा, परत पिकअपमध्ये रचा. एकच लाकूड दोनदा हाताळणं. पुढच्या वेळी फोडल्या फोडल्या ट्रॉलीत टाकून रस्त्याकडंलाच रचाई करणार, दादाचा तिथं गोठा आहे म्हणजे लक्ष पण राहील. हे मामांनी पहिल्याच दिवशी सुचवलं होतं, तेव्हा ऐकायला पाहिजे होतं.

मला विचाराल तर पाचपैकी साडेचार, अर्धा त्या दोन दिवसांचा कापला. चार-पाच झाडं असतील तर नुसती चेनसॉ आणि चांगला कुऱ्हाडवाला पुरे, मशीन दिवसभर परवडणार नाही. आमच्यासारखी दहाच्या वर असतील तर शेजारच्या शेतकऱ्याला सोबत घेऊन मशीन वाटून घ्या, मामा त्याला तयार असतात. रोहिणी लागायच्या आत सगळं परड्यातल्या शेडमध्ये आलं, आणि ते गाठीचे पंधरा-वीस ओंडके दादानं बंबाला ठेवून घेतलेत, एक घातला की सकाळभर पाणी गरम राहतं म्हणे.