दुसरा मजला की अकरावा? पाळणाघरासाठी जागा ठरवताना

भाचीला पाळणाघर काढायचंय. पुण्यात दोन फ्लॅट बघून ठेवलेत. एक कोथरूडला, चाळीसेक वर्षांच्या चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसरा बालेवाडीला, बावीस मजली टॉवरमध्ये अकराव्यावर. भाडं उन्नीस-बीस. तिचा कौल टॉवरकडे होता, कारण उजेड भरपूर आणि खाली बाग. मी अकरा वर्षं घरातच पाळणाघर चालवलं, म्हणून मला विचारायला आली. मी एकच विचारलं: दुपारी दोन वाजता आग लागली तर पोरं बाहेर कशी काढशील?

"लिफ्ट आहे की, आत्या."

आगीत लिफ्ट धरायची नाही. वीज गेली की ती मधेच अडकते आणि धूर शाफ्टमधूनही चढतो. त्यामुळे लिफ्ट वजा करून दोन्ही जागा पुन्हा मांडल्या.

दहा मुलं धरू. दोन रांगती, चार दीड ते तीन वर्षांची, उरलेली चार शाळेतून येणारी. मोठी माणसं दोन: भाची आणि एक मावशी. दोन वर्षांचं मूल सपाटीवर तुरुतुरु पळतं, पण जिना उतरताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवतं आणि मधेच बसतं. सगळं गणित या चौघांपाशी अडतं. तान्ही एकवेळ सोपी. दोघींनी एकेक पुढे बांधायचं की हात मोकळे. दाराशी दोन बेबी कॅरिअर टांगलेली हवीत, नाहीतर सुती साडीची झोळी. बांधायची सवय मात्र आधी करायची. घाबरलेल्या हातांना गाठ येत नाही.

एका मजल्याला साधारण अठरा ते वीस पायऱ्या. कोथरूडचा 'दुसरा मजला' पार्किंगच्या वर आहे, म्हणजे खरे तीन मजले, साठेक पायऱ्या. बालेवाडीत दोनशेच्या वर. साठ पायऱ्या दोन बायका दहा मुलांना घेऊन उतरू शकतात. मी स्वतः तेवढ्याच उंचीवरून आठ जणांना उतरवून पाहिलंय. पहिल्या खेपेला साडेसात मिनिटं लागली, त्यातला निम्मा वेळ चपला शोधण्यात गेला. नंतर नियमच केला, अनवाणी निघायचं. चार मिनिटांवर आलो. त्याच पहिल्या खेपेला खाली मोजलं तर सात. अडीच वर्षांची एक पोरगी बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसली होती, शिट्टीला घाबरून. लहान मुलं भीतीने दाराकडे धावत नाहीत, लपतात. म्हणून तीनदा मोजायचं: दारात, मधल्या वळणावर, खाली. मोजायला हजेरीची वही, मोबाइल नव्हे. मोबाइल चार्जिंगला लावलेला घरातच राहतो. वहीत पालकांचे नंबरही असावेत.

मग कोथरूडच घे, असं लगेच म्हणाले नाही. त्या इमारतीला जिना एकच आणि सगळे वीजमीटर त्याच्याच खाली. आता तिथेच दोन इलेक्ट्रिक स्कूटर एक्स्टेन्शन लावून चार्ज होतात. तिथे पेट घेतला तर जिना धुराड्यासारखा धूर ओढतो आणि आपण पोरांना घेऊन नेमके त्यात उतरतो. आगीत बहुतेक जीव धुराने जातात. तेव्हा दार उघडण्याआधी हाताच्या पाठीने चाचपायचं. गरम लागलं किंवा फटीतून धूर दिसला तर उतरायचं नाही. दार लावून फटीत ओली चादर कोंबायची, रस्त्याकडच्या खोलीत सगळ्यांना खाली बसवायचं आणि 101 किंवा 112 ला मजला, फ्लॅट आणि मुलांचा आकडा सांगायचा. त्या खोलीच्या बॉक्स ग्रिलला उघडणारी खिडकी हवी. आत्ता तिथलं ग्रिल सगळं वेल्डिंगचं आहे. दुसऱ्या मजल्यापर्यंत साधी शिडीही पोचते, पण ग्रिल उघडत असेल तरच.

टॉवरचं उलट आहे. तिथे उतरायचा हट्टच धरायचा नाही. दोन जिने, फायर डोअर (धूर अडवणारं, कायम बंद ठेवायचं दार), स्प्रिंकलर आणि आठव्या मजल्यावर रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायला मोकळा ठेवलेला भाग. आग दुसऱ्या घरात असेल तर आपलं दार बंद करून थांबणं, किंवा जिना स्वच्छ असेल तर तीन मजले उतरून रेफ्यूजला जाणं. कागदावर हे कोथरूडपेक्षा कितीतरी चांगलं. आम्ही दोघी बघायला गेलो. नवव्या मजल्याचं फायर डोअर तुळशीच्या कुंडीने उघडं ठेवलेलं, वारा यावा म्हणून. उघड्या फायर डोअरचा उपयोग शून्य; धूर थेट जिन्यात. रेफ्यूज एरियात गणपतीचं मखर, दोन जुने सोफे, आणि दाराला कुलूप. किल्ली वॉचमनकडे. वॉचमन जेवायला गेलेला.

जुन्या इमारतीत भिस्त आपल्या हातापायांवर असते, टॉवरमध्ये कमिटीवर. कमिटी चोख असेल तर टॉवर खरंच सुरक्षित. ते ताडायची सोपी खूण म्हणजे फॉर्म बी. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक एजन्सीचा हा दाखला दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. सेक्रेटरींकडे मागितला तर "बघून सांगतो" म्हणाले. मी त्याचं उत्तर मनात लिहून घेतलं.

आग आपल्याच ओट्यावर लागली तर? तेव्हा उतरण्याला पर्याय नाही, आणि इथे टॉवर पुरता मागे पडतो. गॅसचाही फरक आहे. कोथरूडला सिलिंडर, बालेवाडीला पाइपचा गॅस. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, फरशीवर साचतो, म्हणजे रांगणाऱ्या पोराच्या नाकाशी. पाइपचा हलका, वर जातो. एवढा गुण टॉवरला. गॅसचा वास आला तर दोन्हीकडे विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, खिडक्या उघडायच्या. कोथरूडला सिलिंडर रोज जेवणं झाली की रेग्युलेटरपाशी बंद.

"तळमजलाच बघू का मग?" तिने विचारलं. आगीला उत्तम, पावसाला वाईट. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घुसलं, ते आठवून बघ म्हटलं. पुरात खाली उतरायचंच नसतं. वर थांबायचं आणि पालक अडकले तर रात्रीची खिचडी, दूध, लंगोट घरात हवेत. यात दुसरा आणि अकरावा बरोबरीत. भूकंपाचंही तेच: हलणं थांबेपर्यंत टेबलाखाली, मग जिना.

माझं मत कोथरूड. पण मालकाने ग्रिलला खिडकी करून दिली आणि सोसायटीने स्कूटरचं चार्जिंग जिन्याखालून हलवलं तरच. मुलं दहा नव्हे, आठ. आणि एक ते चार या वेळेत तिसरी बाई, पगार गेला तरी चालेल. टॉवरमध्येच जायचं असेल तर आठव्यावर, रेफ्यूजला लागून फ्लॅट मिळतो का बघ. तसा मिळाला आणि कुलूप निघालं तर मीही मत बदलीन.

बयाणा द्यायच्या आधी कोथरूडला एकदा भर दुपारी जा म्हटलंय. संध्याकाळी इमारत भरलेली असते, शेजारी धावून येतील असं वाटतं. दोन वाजता कोण कोण घरात असतं, ते दारं वाजवून बघ. मी गेले तेव्हा समोरच्या दारात एक आजोबा होते, वॉकर घेऊन. त्यांनाही कुणीतरी उतरवायला लागेल.