कामगार आयुक्त कार्यालयातली समेट सेवा: फुकट मिळते, पण तयारी आपली लागते

पगारवाढीचा करार रखडला, शिफ्टची वेळ परस्पर बदलली, युनियनच्या पदाधिकाऱ्याला निलंबित केलं, की महाराष्ट्रातल्या कारखान्यातून पहिलं पत्र बहुतेक वेळा कामगार आयुक्त कार्यालयात जातं. तिथला समेट अधिकारी दोन्ही बाजूंना नोटीस काढतो, एका टेबलावर बसवतो आणि तोडगा निघतो का ते पाहतो. त्याचा पगार सरकार देतं, त्याने बाजू कुणाचीच घ्यायची नसते आणि निकाल देण्याचा अधिकार त्याला अजिबात नसतो. बहुतेकांची निराशा या शेवटच्या गोष्टीमुळे होते. माझ्या मते सेवेची खरी ताकद तिथेच आहे, पण ती वापरता आली पाहिजे.

ही सोय मुंबईला नवी नाही. कापड गिरण्यांसाठी १९३४ साली मुंबई प्रांताने समेटाचा कायदा केला आणि कामगार आयुक्ताला मुख्य समेटकर्ता नेमलं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ही पद्धत देशभर गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता २०२० लागू झाली आणि काही मुदती बदलल्या. जुन्या मुदती डोक्यात ठेवून वागणारे कार्यकर्ते आणि एचआरवाले, दोघंही त्यामुळे अडचणीत येऊ शकतात.

आधी दार कोणतं ते बघा. बँका, विमा, रेल्वे, खाणी, तेल क्षेत्र, मोठी बंदरं, विमान वाहतूक आणि केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांचे वाद राज्याच्या कार्यालयात चालत नाहीत. ते प्रादेशिक कामगार आयुक्त (केंद्रीय) यांच्याकडे जातात. तिथे ‘समाधान’ पोर्टलवरून अर्ज करता येतो. या उपक्रमांतले कंत्राटी कामगार हमखास चुकतात: कंत्राटदार नाशिकचा आहे म्हणून नाशिकच्या राज्य कार्यालयात अर्ज टाकतात, आणि दोन-तीन तारखा झाल्यावर व्यवस्थापनाचा माणूस ‘हे तुमच्या अधिकारक्षेत्रात नाही’ असं लेखी देऊन मोकळा होतो. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक तक्रारींचं ठिकाण वेगळंच आहे, ते म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण.

दुसरी चाळणी ‘कामगार’ कोण, ही. व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय पदावरची माणसं यात बसत नाहीत. देखरेखीचं काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगार घेणाराही बसत नाही. मात्र व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ छापलं म्हणजे माणूस मॅनेजर होत नाही. तो रोज प्रत्यक्ष काय करतो ते पाहिलं जातं. रजा मंजूर करतो का, कुणाचं मूल्यमापन लिहितो का, कुणाला कामावर ठेवण्या-काढण्यात त्याचा शब्द चालतो का? आयटीतल्या मंडळींनी अर्ज करताना पदनामाऐवजी रोजच्या कामाचं वर्णन पहिल्याच पानावर द्यावं. वाद निर्माण होऊन दोन वर्षं उलटली असतील, तर नव्या संहितेप्रमाणे समेट अधिकारी प्रकरण हाती घेऊच शकत नाही.

अर्जाला शुल्क नाही. वकील लावायचा खर्चही नाही, कारण समेटाच्या कार्यवाहीत वकिलाला बाजू मांडू देत नाहीत. कामगाराच्या वतीने युनियनचा पदाधिकारी बसतो आणि कंपनीच्या वतीने तिचा अधिकारी किंवा मालक संघटनेचा माणूस. लहान युनियनसाठी हा मोठा आधार आहे. कागद मात्र नीट हवेत. मागणीपत्राची पोच असलेली प्रत, व्यवस्थापनाचं उत्तर आलं असेल तर ते, मागण्या मंजूर करणाऱ्या सर्वसाधारण सभेचा ठराव, सह्यांचे अधिकार कुणाला दिले त्याचं पत्र आणि सभासदांची यादी, एवढं सामूहिक वादाला लागतं. एकट्याची बडतर्फी असेल तर नेमणूकपत्र, शेवटच्या काही महिन्यांच्या पगारपावत्या, पीएफचा यूएएन, ईएसआयसीचं कार्ड, आरोपपत्र, खात्यांतर्गत चौकशीचे कागद आणि बडतर्फीचा आदेश जोडा. नेमणूकपत्र नसेल तर गेटपास आणि बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी चालतात.

आता प्रत्यक्ष बैठकीकडे. ही सेवा सर्वात जास्त कुजते ती एका कारणाने: समोर येणाऱ्याला काहीच ठरवायचा अधिकार नसतो. कंपनी वेळकार्यालयातला कारकून पाठवते, तो ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ म्हणतो, अधिकारी पुढची तारीख देतो, आणि पुढच्या वेळी दुसराच कारकून येतो. यावर उपाय आहे आणि तो फार कमी जण वापरतात. समेट अधिकाऱ्याला एखाद्या व्यक्तीला हजर राहायला लावण्याचा आणि कागद मागवण्याचा कायदेशीर अधिकार आहे. निर्णयाचा अधिकार असलेली व्यक्ती पुढच्या तारखेला हजर ठेवावी, अशी लेखी विनंती पहिल्याच बैठकीत द्या आणि ती रोजनाम्यात, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीत, नोंदवून घ्या. त्या दिवशीच्या रोजनाम्यावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. तोंडी झालेली कबुली रोजनाम्यात नसेल, तर पुढच्या बैठकीत ती कुणालाच आठवत नाही.

चांगला अधिकारी संयुक्त बैठकीत फार वेळ घालवत नाही. एकदा दोन्ही बाजूंचं ऐकलं की तो व्यवस्थापनाला बाहेर बसवून युनियनशी बोलतो आणि मग उलट. खरी तडजोड या स्वतंत्र बोलण्यात होते. तिथे नेण्यासारखी सर्वात उपयोगी वस्तू म्हणजे खर्चाचा तक्ता. ‘तीन हजार वाढ द्या’ ही घोषणा झाली. अधिकाऱ्याला समोरच्याशी बोलायला आकडा लागतो. समजा १२० कामगार आहेत आणि मूळ पगारात ३,००० रुपये वाढ मागितली आहे. महिन्याला ३,६०,००० रुपये. कंपनी पूर्ण मूळ पगारावर १२ टक्के पीएफ भरत असेल तर आणखी ४३,२००. वर्षाचा बोजा ४८,३८,४०० रुपये. पण ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात, सेवेच्या प्रत्येक वर्षाला १५ दिवस, भागिले २६. म्हणजे ही वाढ मागच्या सगळ्या सेवेलाही लागते: दरडोई दर वर्षाला सुमारे १,७३१ रुपये, आणि सरासरी सेवा दहा वर्षं धरली तर जवळपास २०,७७,००० रुपयांची एकरकमी जबाबदारी. व्यवस्थापन मूळ पगाराऐवजी भत्त्यांत वाढ देऊ पाहतं ते याचमुळे. हा हिशेब युनियनच्या हातात आधीच असेल, तर मूळ पगारात किती आणि भत्त्यात किती यावर बोलणी सुरू होते. नसेल, तर ‘परवडत नाही’ या एका वाक्यावर तीन तारखा जातात. एक लक्षात ठेवा: नव्या संहितांतली वेतनाची व्याख्या भत्त्यांचा वाटा एका मर्यादेपलीकडे गेला की त्यातला भाग वेतनात धरते, त्यामुळे भत्त्यांची जुनी क्लृप्ती आता पूर्वीइतकी चालणार नाही.

समेट झाला तर जो करार होतो त्याचं वजन असाधारण आहे. कामगार चळवळीत अजूनही ‘बारा-तीनचा करार’ (समेट अधिकाऱ्यासमोरचा) आणि ‘दोन-पी’ (आपापसातला) असे शब्द चालतात, जुन्या कायद्याच्या कलमांवरून. कलमांचे क्रमांक आता बदलले, फरक राहिला. कंपनी आणि युनियनने आपापसात केलेला खाजगी करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू होतो. युनियनचा सभासद नसलेल्यालाही, उद्या कामाला लागणाऱ्यालाही, आणि कंपनीची मालकी बदलली तर वारसालाही. केवळ या एका कारणासाठी, बोलणी बाहेर पूर्ण झाली असली तरी सह्या समेट कार्यवाहीत, अधिकाऱ्यासमोर करून घ्याव्यात. मात्र मसुदा ठरलेला आणायचा आणि अधिकाऱ्याने नुसता शिक्का मारायचा, असं होऊ देऊ नका. मागण्या काय होत्या, बैठका कधी झाल्या, कोण काय म्हणालं हे फाइलमध्ये दिसलं पाहिजे. नाहीतर दुसरी युनियन हा समेटातला करारच नाही म्हणून त्याला आव्हान देऊ शकते.

करार लिहिताना ढिलाई सर्वाधिक महागात पडते. मुदत लिहिलीच नाही तर करार फक्त सहा महिने टिकतो, म्हणून ‘तीन वर्षे’ आणि त्याच्या पहिल्या-शेवटच्या तारखा लिहाव्यात. मुदत संपली म्हणून करार आपोआप मरत नाही. संपवायची लेखी नोटीस दिल्यापासून साठ दिवस तो चालू राहतो. ‘योग्य ती वाढ देण्यात येईल’ अशी वाक्यं काढून टाका. थकबाकी किती हप्त्यांत, कोणत्या तारखांना, हे लिहा. करार लागू होण्याची तारीख आणि सह्यांची तारीख यांच्यामध्ये जे निवृत्त झाले किंवा राजीनामा देऊन गेले त्यांना थकबाकी मिळणार का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक करारानंतर उठतो आणि त्याचं उत्तर करारात सापडत नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही मसुदे असतील तर मतभेदात कोणता ग्राह्य, तेही नमूद करा. पैसे थकले तर वसुलीचा अर्ज सरकारकडे करता येतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्यासाठी रक्कम करारातून मोजता आली पाहिजे.

संपाच्या नोटिशीबाबत नवी संहिता कडक आहे. १९४७ च्या कायद्यात नोटिशीची सक्ती सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांनाच होती, आता ती सगळ्या आस्थापनांना आहे, किमान चौदा दिवसांची. बरेच पदाधिकारी ‘चौदा दिवस झाले, पंधराव्या दिवशी गेट बंद’ असं गणित करतात. ते चुकतं. नोटीस मिळाल्यावर समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की कार्यवाही सुरू झाली असं धरतात, आणि ती चालू असेपर्यंत व त्यानंतर सात दिवस संप करता येत नाही. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकत्र किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. बेकायदा संपाला प्रत्येक कामगारामागे १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. उलट बाजूने, कार्यवाही चालू असताना व्यवस्थापनालाही वादाच्या विषयातल्या सेवाशर्ती कामगारांच्या तोट्याच्या दिशेने बदलता येत नाहीत, आणि वादाशी संबंधित गैरवर्तनासाठी लेखी परवानगीशिवाय कुणाला काढता येत नाही. ज्या युनियनला वेळ हवा आहे तिला हे संरक्षण फार मोलाचं आहे.

कमतरता दोन, आणि त्या अधिकाऱ्याच्या चांगुलपणाने भरून निघत नाहीत. पहिली म्हणजे दुहेरी भूमिका. किमान वेतन दिलं का, नोंदवह्या ठेवल्या का, हे तपासणारं खातं आणि समेट करणारं खातं एकच आहे, आणि कधीकधी अधिकारीही एकच. ज्याने मागच्या महिन्यात त्रुटी काढल्या त्याच्यासमोर व्यवस्थापन मोकळेपणाने बोलत नाही, आणि कामगारांना वाटतं की साहेबांनी तपासणीचा बडगा दाखवावा. तटस्थ माणसाची खुर्ची वेगळीच असायला हवी. शिवाय अधिकाऱ्याला कायदा पाठ असतो, पण मध्यस्थीचं कौशल्य तो बहुधा कामातूनच शिकतो, त्यामुळे सेवेचा दर्जा माणसागणिक बदलतो.

दुसरी कमतरता टेबलावर कुणी बसायचं ही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे होते, पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे प्रातिनिधिक संघटनेचा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. ज्यांच्या मागे माणसं होती त्यांना बोलणीचा अधिकार नव्हता, आणि अशा वेळी समेटाची यंत्रणा काहीही करू शकत नाही. आता हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी बोलणी करते. तेवढा कुणाकडेच नसेल तर किमान २० टक्के असलेल्या युनियनांची वाटाघाटी परिषद बनते. दोन युनियनांचं भांडण असलेल्या ठिकाणी हा आकडा आधी सोडवा, मगच मागणीपत्र पुढे न्या.

एकूण पाहता पगारवाढ, बोनस, शिफ्ट, बदल्या, कॅन्टीन अशा सामूहिक प्रश्नांना या सेवेइतकी स्वस्त आणि टिकाऊ दुसरी वाट नाही, आणि मी ती निःसंकोच सुचवेन. एकट्याच्या बडतर्फीत अपेक्षा कमी ठेवावी. कामावर परत घेण्याची तयारी व्यवस्थापन इथे क्वचित दाखवतं, पैशांवर मिटवण्याची मात्र दाखवतं. आकडा मान्य नसेल तर नाही म्हणण्यात काही गैर नाही.

नाही म्हटल्यावर जे होतं ते पूर्वीपेक्षा बरं आहे. जुन्या कायद्यात सामूहिक वादाचा समेट फसल्याचा अहवाल, म्हणजे चळवळीच्या भाषेत ‘फेल्युअर’, सरकारकडे जायचा आणि प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरणाकडे पाठवायचं की नाही ते सरकार ठरवायचं. त्यात फाइल अडून पडायची. आता कार्यवाही सुरू झाल्यापासून ४५ दिवसांत, संपाची नोटीस असेल तर १४ दिवसांत, अहवाल थेट दोन्ही पक्षांना द्यायचा आहे. तो हातात पडल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे स्वतः अर्ज करता येतो. त्यामुळे अहवाल कधी मिळाला त्याची नोंद ठेवा: हातोहात घेतला तर प्रतीवर तारीख टाकून घ्या, ईमेलने आला तर तो ईमेल जपा, आणि कार्यालयात दिलेला पत्ता बदलला असेल तर त्याच आठवड्यात लेखी कळवून पोच घ्या.