एमजी टीसीचे बोल्ट: जुने अस्सल की नवे घडवलेले?

एमजी टीसी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या (१९४५–४९) एक्सपॅग इंजिनाची खासियत म्हणजे आटे मेट्रिक (मिलिमीटरच्या मापाचे), पण बोल्टचं डोकं व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाच्या पान्याचं. त्यातला ८ मिमीचा बोल्ट १ मिमी पिचचा, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी. आज दुकानात सहज मिळतो तो १.२५ पिचचा; तो जोर लावून फिरवलात तर ब्लॉकचे आटेच जातील.

जुने बोल्ट इंग्लंडात ब्यूलीच्या ऑटोजंबलमध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, डबे उपसून शोधावे लागतात. डोक्यावरची उठावाची अक्षरं बोटाला लागली की जीव हरखतो! पण ताणलेला बोल्ट नुसत्या नजरेला कळत नाही. पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायची पट्टी) लावा, आट्यांजवळ तो बारीक झालाय का बघा.

नवा बोल्ट कोरा दिसतो, पण चांगल्या कारागिराकडचा असेल तर त्याची ताकद माहीत असते. म्हणून कनेक्टिंग रॉडला (पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणाऱ्या दांड्याला) नवेच. बॉनेट उघडल्यावर दिसतात तिथे मात्र जुनेच हवेत.