टॉप्सचा ५६ की ५७? सेट पूर्ण करायचाय त्यांच्यासाठी

पन्नासच्या दशकातला टॉप्स या अमेरिकन कंपनीचा बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांचा एखादा सेट पहिल्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत जमवायचा असं ठरलं आणि १९५२ च्या सेटचे भाव बघून तो विचार सोडला, की बहुतेकांची गाडी १९५६ आणि १९५७ च्या सेटपाशी येऊन थांबते. मी ५६ घेतला. का, ते सांगतो. पण ५७ वाल्यांची बाजूही कच्ची नाही.

आधी खेळाडू, कारण दोन सेटमधला खरा फरक तिथे आहे. ५६ हा निरोपाचा सेट आहे. जॅकी रॉबिन्सनचं ३० नंबरचं कार्ड हे तो खेळत असतानाचं टॉप्सचं शेवटचं. डिसेंबर १९५६ मध्ये त्याच्या डॉजर्स संघाने त्याला जायंट्स संघाला देऊन टाकलं आणि तिकडे न जाता तो निवृत्त झाला. बॉब फेलर (कार्ड नंबर २००) आणि फिल रिझुटो (११३) हेसुद्धा त्याच वर्षी थांबले. ५७ मध्ये उलट नुसती येणाऱ्यांची गर्दी: फ्रँक रॉबिन्सन (३५), डॉन ड्रायस्डेल (१८), बिल मॅझेरॉस्की (२४), ब्रूक्स रॉबिन्सन (३२८) या सगळ्यांची रूकी कार्डं, म्हणजे खेळाडूची पहिलीवहिली कार्डं, एकाच सेटमध्ये. फ्रँक पुढे नॅशनल आणि अमेरिकन या दोन्ही लीगमध्ये एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) ठरलेला पहिला खेळाडू. ब्रूक्स तेवीस सीझन एकट्या बाल्टिमोर संघाकडून खेळला. रूकी कार्डांचं वेड असेल तर हिशोब इथेच संपतो, ५७ घ्या. त्या काळचा मोठा खेळाडू स्टॅन म्यूझिअल मात्र दोन्हींत नाही, त्याला शोधत बसू नका.

ब्रेव्ह्ज संघाच्या हँक आरनवर दोन्ही सेटनी अन्याय केलाय. ५६ च्या कार्डावर (३१) चेहरा त्याचा, पण मागे होम प्लेटवर (धाव पुरी होते त्या जागी) घसरत येणारा माणूस विली मेज हा दुसराच खेळाडू आहे. टोपी तेवढी रंगवून बदललेली. ५७ ला (२०) निगेटिव्ह उलटी छापली गेली आणि उजव्या हाताचा आरन डावखुरा झाला, जर्सीवरचा ४४ आकडाही आरशात दिसावा तसा. त्याच सीझनला त्याने ४४ होमरन मारले, एमव्हीपी मिळवला आणि ब्रेव्ह्जनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाचं विजेतेपद, जिंकली.

दिसण्यात मला ५६ उजवा वाटतो. सगळी कार्डं आडवी, एका बाजूला रंगवलेला चेहरा, मागे खेळतानाचं दृश्य. यँकीज संघाच्या मिकी मँटलचं १३५ नंबरचं कार्ड बघा, प्रेक्षकांच्या कठड्यावर झेप घेऊन झेल टिपतोय. त्याच सीझनला त्याने ट्रिपल क्राउन मिळवला, म्हणजे तिन्ही आकड्यांत लीगमध्ये पहिला: फलंदाजीची सरासरी ०.३५३, ५२ होमरन, १३० आरबीआय (त्याच्या फलंदाजीवर निघालेल्या धावा). खोट एकच, बरेच चेहरे ५४ आणि ५५ च्या कार्डांवरून जसेच्या तसे उचललेत. ५७ ला सरळ रंगीत फोटो आले. चांगले असले तर फारच चांगले, पण बरेचसे अंधारलेले, आणि गडद भागावर छपाईचे पांढरे ठिपके पडलेले. पिट्सबर्गच्या क्लेमेंटेचं कार्ड घेताना मात्र माझं मन ५६ कडेच जातं. तिथे तो ‘रोबर्टो’ आहे. ५७ ला कंपनीने त्याचा ‘बॉब’ करून टाकला.

मागची बाजू ५७ ची, यात वाद नाही. ५६ च्या मागे तीन व्यंगचित्रं आणि आकडे फक्त गेल्या सीझनचे आणि एकूण कारकिर्दीचे. ५७ ला वर्षावार आकडे आले. टेड विल्यम्सच्या कार्डामागे १९४३ ते ४५ चे आकडेच नाहीत, आणि तो माणूस दुसऱ्या महायुद्धात काय गमावून आला ते एका नजरेत कळतं. बेसबॉलचे आकडे वाचायला आवडत असतील तर ५६ ची मागची बाजू थोडी पोरकट वाटेल, हे मान्य.

मग ५६ का? ५७ च्या २६५ ते ३५२ या अठ्ठ्याऐंशी कार्डांपायी.

ही ५७ ची चौथी सिरीज, म्हणजे बाजारात आलेला चौथा टप्पा. एरवी शेवटची सिरीज दुर्मीळ असते, कारण तोवर पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं असतं. इथे शेवटची, ३५३ ते ४०७, सहज मिळते आणि आधीची अडते. त्यामुळे सेट फसवा आहे: ३१९ कार्डं भराभर जमतात, वाटतं झालंच आता, आणि नेमका तिथे भिंतीवर आपटतो. कोफॅक्स (३०२), ब्रूक्स रॉबिन्सन, जिम बनिंग (३३८) यांच्यासाठी पैसे मोजायला कोणी कुरकुरत नाही. पण याच पट्ट्यात कधी नाव न ऐकलेल्या राखीव कॅचरच्या घडी पडलेल्या कार्डाला इतर सिरीजमधल्या स्वच्छ कॉमनच्या (साध्या खेळाडूच्या कार्डाच्या) कितीतरी पट मागतात. शिवाय नंबर नसलेली चार चेकलिस्ट कार्डं (सेटमधल्या कार्डांची यादी छापलेली) वेगळीच. ती ४०७ मध्ये धरलेली नसतात, आणि पोरांनी पेन्सिलीने खुणा न केलेली मिळणं कठीण. ५६ ला ३४० कार्डं आणि दोन चेकलिस्ट. १८१ ते २६० जरा महाग पडतात, पण भिंत कुठे नाही.

५६ चा त्रास वेगळा. कार्ड पावणेचार इंच बाय दोन इंच पाच सूत. अल्बमच्या नऊ खणांच्या नेहमीच्या पानात कोंबलं की कोपरे मुडपतात. आठ खणांची पानं घ्या. दुसरं, पहिली १८० कार्डं पांढऱ्या आणि करड्या अशा दोन्ही पाठींची मिळतात, आणि काही टीम कार्डांचे तीन-तीन प्रकार आहेत. हे सगळं जमवायच्या नादाला सुरुवातीला लागू नका. पाठ कोणतीही असो, नंबर भरा.

दोन्हीकडे घेताना त्याच वर्षाचं एक स्वस्त कॉमन जवळ ठेवा आणि महागाचं कार्ड त्यावर ठेवून बघा. केसभर लहान निघालं तर कडा कापलेल्या असू शकतात. दहापट भिंगाखाली खऱ्या कार्डाची काळी अक्षरं सलग दिसतात. अक्षरंही ठिपक्यांची दिसली तर ते कार्डाच्या फोटोवरून छापलेलं. घड्या समोरून दिसत नाहीत, दिव्याखाली तिरकं धरा. ५७ चा पहिला नंबर विल्यम्सचा आणि शेवटचा मँटल आणि योगी बेरा या यँकीजच्या जोडीचा, म्हणजे गठ्ठ्याला रबरबँड लावला की विल्यम्सचं कार्ड वर आणि जोडीचं खाली. त्या दोन्ही कार्डांच्या कडांवर रबराचे खाचे आधी तपासा. ५६ ला पहिल्या नंबरवर अमेरिकन लीगचे तेव्हाचे अध्यक्ष विल्यम हॅरिज आहेत, त्यामुळे रबरबँडचा मार बहुतेक त्यांनीच खाल्लाय.

तरीही ५७ च घ्यायचा असेल, तर सुरुवात २६५ पासून करा, उरलेले पैसे बाकीच्यांसाठी.