पहिला डीएसएलआर : निकॉन डी३५०० आणि त्याच्या लेन्स, एका वर्षाच्या वापरानंतर

गेल्या वर्षी मे महिन्यात मी पुण्याच्या बुधवार पेठेतील एका दुकानातून वापरलेला निकॉन डी३५०० हा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा आणि त्याच्यासोबतची १८-५५ मिलिमीटरची (हा आकडा जितका मोठा, तितके दृश्य जवळ दिसते) किट लेन्स घेतली. त्याआधी मोबाइलशिवाय दुसऱ्या कशाने फोटो काढलेले नव्हते. या वर्षभरात गणपती झाले, हिवाळ्यातील पक्षी झाले, घरातील दोन कार्ये झाली आणि काही हजार फोटो काढून झाले. त्यानंतर माझे मत असे झाले आहे की पहिला कॅमेरा निवडताना आपण बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर, जेवढा खल करतो, त्याच्या निम्मा जरी लेन्सवर केला, तरी पुढचा बराच मनस्ताप आणि खर्च वाचतो.

आधी बॉडीविषयी. डी३५०० हा निकॉनने २०१८ साली आणलेला, नवशिक्यांसाठीचा कॅमेरा. त्याचे उत्पादन आता थांबले आहे, त्यामुळे तो वापरलेलाच घ्यावा लागतो. त्यात २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी आकाराचा (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर आहे आणि बॅटरी व कार्डासह त्याचे वजन ४१५ ग्रॅम भरते. दुकानात मी कॅननचा १५००डी आणि हा, असे दोन्ही कॅमेरे आळीपाळीने बराच वेळ हातात धरून पाहिले. १५००डी सुद्धा २०१८ सालचाच आणि २४ मेगापिक्सेलचाच. घरातल्या आकाराचे फोटो छापायचे असतील तर दोघांच्या दर्जात सांगण्यासारखा फरक नाही. मी डी३५०० निवडला तो त्याच्या पकडीमुळे. उजव्या हाताची बोटे जिथे वळतात तिथे त्याला खोल खोबण आहे आणि माझ्या लहान हातातही तो घट्ट बसतो. दुसरे कारण बॅटरीचे होते. कंपनीच्या मोजणीनुसार डी३५०० एका चार्जवर १,५५० फोटो काढतो, तर १५००डी सुमारे ५००. गणपतीचे पहिले चार दिवस मी चार्जर कपाटातून बाहेरही काढला नाही.

डायलवर ‘गाइड’ नावाचा एक पर्याय आहे, त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. पार्श्वभूमी धूसर हवी आहे की धावणारी वस्तू स्थिर टिपायची आहे, असे तो विचारतो आणि त्यासाठी कोणते सेटिंग बदलायचे ते दाखवतो. पहिले तीन आठवडे मी त्याच्याच आधाराने शिकले. नंतर डायल ‘ए’ वर, म्हणजे ऍपर्चर (लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र) आपण ठरवायचे आणि शटर स्पीड (शटर किती वेळ उघडे राहणार ते) कॅमेऱ्याने, तिथे आणून ठेवला, तो आजही बहुतेक वेळ तिथेच असतो.

१८-५५ ची किट लेन्स हलकी आहे, फोकस करताना जवळजवळ आवाज करत नाही आणि दिवसाउजेडी तिच्याविषयी तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही. ती मिटवून ठेवता येते. बटण दाबून फिरवून उघडल्याशिवाय कॅमेरा फोटो काढत नाही, ही सवय व्हायला दोन दिवस लागतात. पर्वतीवरून दिसणारे शहर, वाड्याची चौकट, गच्चीतली मुले, हे सारे ती व्यवस्थित टिपते. तिची मर्यादा मला महात्मा फुले मंडईत कळली. संध्याकाळी सातच्या सुमारास एक बाई बल्बच्या उजेडात मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी ३५ मिलिमीटरवर झूम ठेवला होता, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० होता, लेन्सचे ऍपर्चर तिथे ४.५ च्या आसपासच उघडते (हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे), आणि शटर स्पीड मिळाला १/२५ सेकंद. लेन्समधल्या कंपनरोधक यंत्रणेमुळे मागची टोपली, तराजू, दोरीचा बिंडा हे सर्व स्वच्छ आले, पण बाईंची बोटे पुसल्यासारखी झाली. ती यंत्रणा आपल्या हाताचा थरथराट सावरते. समोरच्या माणसाची हालचाल थांबवणे तिच्या हातात नसते. त्यासाठी जास्त प्रकाश आत घेणारी, म्हणजे मोठ्या ऍपर्चरची लेन्स लागते.

ही लेन्स घेताना माझी चूक झाली, आणि ती पुष्कळ नवशिक्यांची होत असणार म्हणून सविस्तर सांगते. ५० मिलिमीटर, ऍपर्चर १.८, ही लेन्स सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी, असे मी सगळीकडे ऐकले होते. एका विक्रेत्याकडे ती वापरलेली मिळाली, तीही अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी किमतीत. “ही माझ्या कॅमेऱ्याला चालेल ना?” असे मी विचारल्यावर त्यांनी लेन्स बसवून दाखवली आणि म्हणाले, “निकॉनचीच आहे ताई, न चालायला काय झालं?” लेन्स बसली, हे खरेच. घरी येऊन फोटो काढायला गेले तर पडद्यावर ‘एफ-ई-ई’ अशी अक्षरे आली आणि शटर पडेना. ऍपर्चरचे कडे २२ या आकड्यावर फिरवून तिथेच अडकवून ठेवायचे असते, हे शोधून काढल्यावर शटर पडले, पण फोकस काही केल्या आपोआप होईना.

कारण असे की ती लेन्स ‘एएफ डी’ प्रकारची (नावात सुरुवातीला नुसते ‘एएफ’ आणि शेवटी ‘डी’) होती. या प्रकारच्या लेन्समध्ये स्वतःची फोकस मोटर नसते. कॅमेऱ्याच्या बॉडीतील मोटर एका लहानशा दांड्याने लेन्सचा फोकस फिरवते. निकॉनच्या वरच्या श्रेणीतील डी७२०० किंवा डी७५०० सारख्या बॉडींमध्ये ही मोटर असते, डी३५०० मध्ये ती नाही. त्यामुळे या कॅमेऱ्याला आपोआप फोकस हवा असेल तर निकॉनच्या लेन्सच्या नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ ही अक्षरे असलीच पाहिजेत. नुसते ‘एएफ’ असेल तर फोकसचे कडे हाताने फिरवावे लागते. लेन्स उलटी करून पाहिली तरी ओळखता येते: माउंटच्या (कॅमेऱ्याला जोडायच्या बाजूच्या) धातूच्या कड्यावर स्क्रूच्या डोक्यासारखी खाच दिसली, तर ती बॉडीतील मोटरवर चालणारी लेन्स आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) डाव्या कोपऱ्यात फोकस जुळल्याचा एक ठिपका दिसतो, त्याच्या भरवशावर मी पंधरा दिवस हाताने फोकस करून पाहिले. बसलेल्या माणसाचे फोटो चांगले आले, चालणाऱ्याचे जवळजवळ सगळे वाया गेले. विक्रेत्याने लेन्स परत घेतली नाही. शेवटी ती बॉडीत मोटर असलेला कॅमेरा वापरणाऱ्या एका परिचितांना मी तोट्यात दिली.

याबाबतीत कॅननची बाजू निश्चितच वरचढ आहे, आणि ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. १९८७ साली ईएफ मालिका सुरू झाली तेव्हापासून कॅननने फोकस मोटर लेन्समध्येच ठेवली आहे, त्यामुळे वापरलेली ईएफ लेन्स घेतली तरी ती १५००डी वर आपोआप फोकस करते. त्यांची ५० मिलिमीटर १.८ एसटीएम ही लेन्स २०१५ पासून मिळते आणि तिचे वजन जेमतेम १६० ग्रॅम आहे. ज्यांना जुन्या लेन्स शोधत, थोडे थोडे पैसे घालत पुढे जायचे आहे आणि नावातील अक्षरांचा अभ्यास करण्याची इच्छा नाही, त्यांनी १५००डी घेतला तर मी तो निर्णय योग्यच म्हणेन.

मी नंतर निकॉनची ३५ मिलिमीटर, ऍपर्चर १.८ असलेली एएफ-एस डीएक्स (एपीएस-सी सेन्सरसाठीची) लेन्स घेतली, आणि खरे तर ती पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती. एपीएस-सी सेन्सरवर दृश्याचा आवाका दीडपटीने आवळतो, म्हणून ३५ ची लेन्स इथे फुल फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावरील ५२ मिलिमीटरच्या आसपास दिसते. ५० ची लेन्स मात्र ७५ सारखी होते आणि पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात माणसाला चौकटीत बसवण्यासाठी आपल्याला भिंतीला पाठ टेकवावी लागते. ४.५ च्या जागी १.८ ऍपर्चर मिळाले की सुमारे सहापट प्रकाश आत येतो. मंडईत जिथे १/२५ मिळत होता तिथे आता १/१६० मिळतो, आणि मेथीची जुडी बांधणारी बोटे बोटांसारखी दिसतात. विसर्जन मिरवणुकीच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर ढोलावर पडणारे टिपरू या लेन्सने थांबवून दाखवले. पण माझा सर्वांत आवडता फोटो घरातलाच आहे. आई गॅलरीत वाती वळत बसली होती. बोटाला किंचित दूध लावून तळहातावर कापूस फिरवताना त्या कापसाचा एकेक तंतू उजेडात सुटा दिसतो आणि मागची तुळस विरघळल्यासारखी मऊ होते. ही लेन्स ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊ शकते, म्हणून हा फोटो शक्य झाला.

लांबच्या झूमविषयी थोडक्यात. डिसेंबरमध्ये एका मैत्रिणीची ७०-३०० एएफ-पी डीएक्स लेन्स घेऊन मी पुण्याजवळच्या कवडीपाटला पक्षी टिपायला गेले. काठाजवळ उभे असलेले शेकाटे उत्तम मिळाले, पण उडालेल्या चक्रवाकांच्या थव्यापैकी कामाचे फोटो मोजकेच निघाले. ३०० ला ऍपर्चर ६.३ वर येते, सकाळच्या धुक्यात ते अपुरे पडते, आणि डी३५०० च्या ११ फोकस बिंदूंपैकी फक्त मधलाच भरवशाचा आहे. पक्षी हाच मुख्य छंद नसेल, तर ही लेन्स पहिल्या वर्षी विकत घेऊ नये.

कॅमेऱ्याचे दोष मला सतत जाणवतात ते असे. पडदा बाहेर ओढता किंवा वळवता येत नाही, त्यामुळे रांगोळीचा किंवा लहान मुलाचा फोटो खालून काढायचा तर जमिनीवर आडवे व्हावे लागते. वाय-फाय नाही, ब्लूटूथवरून मोबाइलवर लहान आकाराचे फोटो जातात, तेही सावकाश. बाहेरचा माइक जोडण्याची सोय नाही, म्हणून चित्रफिती हा ज्यांचा मुख्य हेतू आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊच नये. त्यांनी आणि धावत्या मुलांचे फोटो काढू पाहणाऱ्यांनी बजेट थोडे वाढवून मिररलेसच (आत आरसा नसलेला कॅमेरा) पाहावा. माझ्यासारख्या मर्यादित पैशांत शिकू पाहणाऱ्यांना मात्र वापरलेला डीएसएलआर आजही परवडतो, आणि ३५ ची एएफ-एस लेन्स पुढे निकॉनच्या एफटीझेड ऍडॉप्टरने झेड मालिकेच्या मिररलेसवरही आपोआप फोकस करते, त्यामुळे तिच्यावर घातलेले पैसे वाया जात नाहीत.

वापरलेला कॅमेरा घेताना मी दुकानात दोन गोष्टी केल्या आणि त्यांचा उपयोग झाला. पांढऱ्या भिंतीचा ऍपर्चर १६ वर फोटो काढून सेन्सरवरील धुळीचे काळे ठिपके पाहिले. डी३५०० मध्ये सेन्सर आपोआप झटकण्याची सोय नाही, म्हणून हे पाहणे अधिकच आवश्यक आहे. शिवाय मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून आत पाडून समोरून पाहिले. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी असते आणि अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कपड्याच्या बॅगेत बंद ठेवलेल्या चांगल्या लेन्सलाही ती लागू शकते. मी लेन्स घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते, पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून पुन्हा घालते, आणि दर रविवारी, बाहेर पाऊस असला तरी, कॅमेरा आणि दोन्ही लेन्स बाहेर काढून अर्धा तास वापरते.