अधिस्वीकृतीचे निकष: साधने मोजावीत की शिकणे?

अधिस्वीकृती म्हणजे शिक्षणसंस्थेचा दर्जा तपासून बाहेरच्या संस्थेने दिलेली मान्यता. तिचे साधनांवर आधारलेले निकष विद्यार्थी-शिक्षक प्रमाण, प्रयोगशाळा, ग्रंथालय, प्राध्यापकांची पात्रता पाहतात. पडताळणी सोपी, पण विद्यार्थ्याला काय येते ते यातून कळत नाही. किमान पातळी राखायला हे निकष हवेतच. त्यापलीकडे त्यांच्याकडून फार अपेक्षा नको.

निष्पत्तीवर, म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता यायला हवे यावर, आधारलेले निकष थेट शिकण्याकडे वळतात. अमेरिकेतल्या 'एबेट' या अधिस्वीकृती देणाऱ्या संस्थेने १९९७ मध्ये अभियांत्रिकीसाठी ११ निष्पत्ती ठरवल्या. पुढे १९९४ आणि २००४ च्या पदवीधरांची तुलना झाली, तेव्हा तपासलेल्या नऊही निष्पत्तींत नंतरची तुकडी पुढे होती. मात्र ही माहिती पदवीधरांनी स्वतःच दिलेली होती, हे विसरू नये.

खरी कसोटी प्रश्नपत्रिकेत लागते. समजा, उष्मागतिकीची एक निष्पत्ती आहे 'ऊर्जासमतोल मांडता येणे', आणि लक्ष्य आहे ७० टक्के विद्यार्थ्यांना त्या प्रश्नांत ६० टक्के गुण. वर्गातल्या ६० पैकी ५५ जण उत्तीर्ण झाले, म्हणून निकाल उत्तम दिसतो. पण त्या प्रश्नांत ६० टक्के गाठणारे ३९, म्हणजे ६५ टक्केच. लक्ष्य हुकले. एकूण निकालात ही उणीव दडून राहते, प्रश्ननिहाय गुणांत उघडी पडते.

इथेच घोटाळाही होतो. पुढच्या वर्षी प्रश्न सोपा काढला की आकडा वर जातो, शिकणे तिथेच राहते. म्हणून काठिण्यपातळी बाहेरच्या परीक्षकाकडून तपासून घ्यावी आणि शिकवण्यात नेमका काय बदल केला, याची नोंद आकड्याशेजारीच ठेवावी.