पुसदला बोटॉक्स आणि फिलर : प्रशिक्षणानंतरचा अनुभव

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, दवाखाना पुसदला. चेहऱ्यावरच्या सौंदर्य-इंजेक्शनांचं, म्हणजे स्नायू तात्पुरता सैल करणारं बोटॉक्स आणि कातडीखाली भरायचं फिलर यांचं, प्रशिक्षण नागपुरात घेतलं. हात बसल्यावरच मत लिहायचं ठरवलं होतं. मधे अख्खी लग्नसराई गेली, आता लिहिते.

प्रवेश फक्त नोंदणीकृत डॉक्टरांना होता, ही पहिली जमेची बाजू. दुसरी म्हणजे, बघण्यापेक्षा टोचणं जास्त होतं. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्स पाच जागी चार-चार, मिळून २० युनिट, हे पुस्तकातही सापडतं. पण रुग्णाला आठ्या घालायला लावायच्या, स्नायू बोटाखाली चाचपायचा, मगच खूण करायची, आणि बाहेरची खूण भुवईच्या हाडापासून किमान एक सेंटीमीटर वर ठेवायची, हे शिकवणाऱ्यांनी प्रत्येकाकडून समोर उभं राहून करून घेतलं. औषध खाली उतरलं तर पापणी पडते आणि सावरायला आठवडे जातात. आमच्याकडे वर्षानुवर्षं उन्हात डोळे बारीक करून कापूस वेचलेल्या बायका येतात. त्यांचे स्नायू चांगलेच दणकट असतात, तिथे नुसता तक्ता पुरत नाही.

सिरिंजचा धडा तर सोन्यासारखा. १०० युनिटची बाटली अडीच मिली सलाईनमध्ये विरघळवली की लाल टोपीच्या इन्सुलिन सिरिंजवर एक रेघ म्हणजे एक युनिट. नारिंगी टोपीची वापरली तर तेच चार युनिट दहाच्या आकड्यापर्यंत भरावे लागतात. तालुक्याच्या मेडिकलमध्ये दोन्ही मिळतात, जी हाताला लागेल ती देतात. आता सिस्टर टोपीचा रंग मोठ्याने सांगते, मगच औषध भरलं जातं. हे युनिटही त्या-त्या ब्रँडचे असतात, एकाचा हिशोब दुसऱ्याला लावायचा नाही.

"मॅडम, तोंड वाकडं तं नाई होणार न?" हा प्रश्न रोजचा. परिणाम दोन-चार दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. हे आधी नीट सांगितलं की निम्मी भीती जाते. सांगायचं कसं, याचाही त्यांनी सराव घेतला.

फिलरबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. फिलर रक्तवाहिनीत गेलं तर कातडी पांढरी पडते, नंतर जाळीसारखी निळसर होते. फिलरमध्येच भूल मिसळलेली असेल तर दुखणं उशिरा कळतं. हायलुरोनिक आम्लाच्या फिलरला हायलुरोनिडेज, म्हणजे ते विरघळवणारं औषध, हा उतारा आहे. तो भरपूर द्यायचा, रक्त परत येईपर्यंत तासातासाने पुन्हा द्यायचा. याची रंगीत तालीम त्यांनी घड्याळ लावून घेतली. मी ती दवाखान्यात सिस्टरसोबत अजूनही अधूनमधून घेते. उताऱ्याच्या बाटल्या फ्रिजमध्ये हाताशी असतात, उन्हाळ्यात लाइट गेली तर आइसपॅकच्या डब्यात. मोतीबिंदूच्या भुलीसाठी डोळ्यांचे डॉक्टरही हेच औषध ठेवतात, त्यामुळे गावातल्या एकांशी अडीअडचणीला बोलून ठेवलं आहे. ज्या फिलरला उतारा नाही, ते मी आणतच नाही.

कोर्स कमी पडला तो इथेच. मोठं रुग्णालय दहा मिनिटांवर आहे, असं धरूनच सगळं शिकवलं. नाक आणि भुवयांमधल्या जागेत फिलर उलटं वाहून डोळ्याच्या धमनीत शिरू शकतं. तिथलं रक्त तुटलं तर दृष्टी वाचवायला नेत्रपटलाच्या हाती जेमतेम तास-दीड तास असतो आणि पुसदहून नागपूर गाठायलाच त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून या दोन्ही जागी मी फिलर करत नाही. नवरीची आई कितीही गळ घालो, उत्तर तेच. गावाकडच्या डॉक्टरने काय करू नये, याचा एक स्वतंत्र तास त्यांनी ठेवायला हवा. मी तसं त्यांना लेखी कळवलं आहे.

फी जड आहे, पण वसूल झाली. पैसे भरण्याआधी एवढं विचारा : स्वतःच्या हाताने किती रुग्णांना टोचायला मिळेल, शेजारी कोण उभं असेल, आणि उताऱ्याची तालीम होते का. कॅन्युलाने, म्हणजे बोथट टोकाच्या नळीने, गाल भरण्याचा पुढचा टप्पा मी त्यांच्याकडेच करणार आहे. नाकाच्या टप्प्याला नाव नोंदवलेलं नाही.